एक ग्रॅम सोनं, दहा लाख पॅड

एक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटर रुंद असा तांब्याचा पॅड घ्या. छापील सर्किट बोर्डवर (पीसीबी) सुटा भाग सोल्डरने बसतो, तो अशाच चौकोनावर. उघडं तांबं हवेत काळवंडतं आणि मग सोल्डर धरत नाही, म्हणून त्यावर थर चढवतात. ‘एनिग’ पद्धतीत आधी 3 ते 6 मायक्रॉन निकेल आणि त्यावर सुमारे 0.05 मायक्रॉन सोनं. हिशेब मांडला तर एका पॅडवरचं सोनं ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकं भरतं. म्हणजे एका ग्रॅममध्ये दहा लाख पॅड सोन्याचे होतात. तरीही या थरात अणूंचे दोनशेवर पापुद्रे असतात आणि एका पॅडवर सुमारे तीनवर पंधरा शून्यं इतके अणू!

एवढं करून हे सोनं टिकण्यासाठी नसतंच. सोल्डर वितळला की ते काही क्षणांत त्यात विरघळतं आणि खरा सांधा निकेलशी जुळतो. तोवर निकेल ताजं ठेवायचं, इतकंच त्याचं काम. जाड सोनं लावून भलं होत नाही, कारण सांध्यात त्याचं प्रमाण तीनेक टक्क्यांवर गेलं की सांधा ठिसूळ होतो.

स्वस्त पर्याय आहेत. वितळलेल्या सोल्डरमध्ये बोर्ड बुडवून गरम हवेने सारखा करायचा, ही तांब्याच्या भांड्याला कल्हई करण्यासारखीच जुनी, भरवशाची रीत. ‘ओएसपी’ नावाचा सेंद्रिय थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ. आणि चांदी, 0.1 ते 0.4 मायक्रॉन. युरोपने 1 जुलै 2006 पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर निर्बंध आणले, तेव्हा अनेकांनी चांदीकडे मोर्चा वळवला. सपाट, स्वस्त, सोल्डर झटकन धरणारी. पण गंधकापुढे तिचं काही चालत नाही. गाड्यांचे मातीचे नमुने घडवतात त्या स्टुडिओंमध्ये, मातीतल्या गंधकापायी, संगणक बंद पडले.

बडोद्यात गंधकाचं हे संकट फार जवळचं आहे. कोयालीची रिफायनरी 1965 पासून चालू आहे, क्षमता वर्षाला 1 कोटी टनांहून जास्त. कच्च्या तेलात गंधक शेकडा एक धरलं तरी वर्षाला लाखाहून जास्त टन होतं. त्यातलं बरंचसं शुद्धीकरणात हायड्रोजन सल्फाइड होऊन निघतं आणि पकडून पुन्हा गंधकात बदललं जातं. आता दुसरं टोक पाहा. कंट्रोल रूमच्या हवेसाठी आयएसए 71.04 हे मानक आहे. त्याच्या सर्वांत सौम्य वर्गात हायड्रोजन सल्फाइड अब्ज भागांत तीन भागांपेक्षा कमी हवा. दहा मीटर लांब, दहा रुंद, तीन उंच खोलीत तीन भाग म्हणजे एका मिलिलिटरहूनही कमी वायू, वजनाने जेमतेम सव्वा मिलिग्रॅम. आपल्या जुन्या कारखाने कायद्यात कामगारासाठी आठ तासांची मर्यादा दशलक्षात दहा भाग होती. माणसाला चालेल त्याच्या तीन हजाराव्या भागापुढेच बोर्डाचा धोका सुरू होतो.

शिवाय ही मर्यादा आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत असेल तरच. त्यापुढे दर दहा टक्के वाढीला हवा एक वर्ग वाईट धरावी, असं मानक सांगतं. बडोद्याचा जुलै-ऑगस्ट आठवा. गंधक आणि ओल एकत्र आली की चांदीच्या कडेखालून तांब्याचा काळा सल्फाइड बोर्डवर पसरत जातो, शेजारच्या दोन रेषा जोडतो आणि शॉर्ट होतो.

याची तपासणी मात्र साधी आहे. तांब्याची आणि चांदीची एकेक चकचकीत पट्टी खोलीत तीस दिवस ठेवायची, मग प्रयोगशाळेत गंजाची जाडी मोजायची. तांब्यावर 300 अँगस्ट्रॉमपेक्षा कमी, चांदीवर 200 पेक्षा कमी असेल तर हवा ठीक. 2,000 च्या पुढे गेली तर अत्यंत वाईट. पॅडवरचा चांदीचा अख्खा थरच 1,000 ते 4,000 अँगस्ट्रॉमचा असतो! कंट्रोल रूमची हवा गाळणाऱ्या फिल्टरमध्ये अनेकदा परमँगनेटचे जांभळे दाणे असतात, ते झिजले की तपकिरी होतात. तेही डोळ्यांनी बघून बदलता येतात.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की कोयाली, नंदेसरीच्या औद्योगिक परिसरात चांदीच्या पॅडचा बोर्ड संरक्षक लेप आणि गाळलेली हवा असल्याशिवाय बसवूच नये. खरेदीच्या कागदावर पॅडवरच्या थराची, म्हणजे फिनिशची, एक ओळ असते. ती पुरवठादारावर सोडू नका, पट्ट्यांचा निकाल हाती आल्यावर स्वतः भरा.