अंड्याचे कवच : लमेटाघाट ते पक्ष्याचे घरटे

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदेने संगमरवराचे उंच कडे कोरून काढले आहेत. मूळच्या चुनखडकाचे भूगर्भातील उष्णतेने व दाबाने रूपांतर होऊन हा दगड बनला. नदीकाठच्या वाळूत अंडी घालणारी टिटवीही आपल्या अंड्याभोवती चुन्याचेच कवच चढवीत असते. पक्ष्यांच्या कवचात कॅल्शियम कार्बोनेटचा वाटा शेकडा ९० हून अधिक असतो. मात्र खडक बनण्यास युगे लागतात, तर कोंबडीच्या शरीरात हे कवच सुमारे २० तासांत तयार होते.

कवच म्हणजे निव्वळ तटबंदी नव्हे. त्यात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो आणि कर्बद्विप्राणिद वायू व पाण्याची वाफ बाहेर जाते. गर्भ वाढू लागला की आपल्या हाडांसाठी लागणारे कॅल्शियम तो कवचातूनच घेतो. त्यामुळे कवच आतून किंचित झिजते, आणि पिलाला ते फोडणे सुलभ होते. जे घर रक्षण करते, तेच अन्नही पुरविते!

बेडकाला अंडी घालण्यासाठी पाण्याचा किंवा ओलाव्याचा आश्रय लागतो. ३० कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी काही प्राण्यांच्या अंड्यांत गर्भाभोवती पाण्याची पिशवी निर्माण झाली. जणू तळेच अंड्यात आले, आणि कोरडी भूमी त्यांना खुली झाली. सरीसृप, डायनोसॉर व पक्षी हे सर्व त्याच वारशाचे धनी होत.

या वारशाची साक्ष भेडाघाटच्या शेजारीच आहे. तेथील लमेटाघाटावरून ‘लमेटा’ हे नाव मिळालेले थर सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. १८२८ साली स्लीमन यांना जबलपूर येथे मोठी अश्मीभूत हाडे सापडली. १८७७ साली लिडेकर यांनी त्या प्राण्याचे ‘टायटॅनोसॉरस’ असे नामकरण केले. पुढे याच थरांत डायनोसॉरची अंडीही मिळाली. डॉ. अशोक साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला.

धार जिल्ह्यातील पाडल्या येथील एका अंड्याने तर तज्ज्ञांनाही चकित केले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वर्णनानुसार त्या अंड्याच्या आत दुसरे अंडे होते. कोंबडीत असा प्रकार क्वचित घडतो. तयार अंडे अंडनलिकेत मागे ढकलले जाते आणि त्यावर नवे कवच चढते. टायटॅनोसॉर हे पक्ष्यांचे पूर्वज नव्हेत, दूरचे भाऊबंद होत. तरीही त्यांच्या अंडनलिकेची कार्यपद्धती पक्ष्यांसारखी असावी, असे अनुमान यावरून निघते.

पक्षी मात्र दुसऱ्या, दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरच्या शाखेतून उद्भवले. कवचाला रंग देणारी तपकिरी व निळसर-हिरवी अशी दोन रंगद्रव्ये त्या शाखेच्या अश्मीभूत कवचांतही आढळल्याचे २०१८ साली दाखविण्यात आले. म्हणजे अंड्याचा रंग पक्ष्यांहूनही जुना! उघड्यावरच्या टिटवीची ठिपकेदार अंडी खड्यांत लपून जातात. बिळात घरटे करणाऱ्या खंड्याला त्या लपवणुकीची गरज नसते, म्हणून त्याची अंडी पांढरी शुभ्र असतात.

अश्मीभूत अंडे दिसावयास गोल धोंड्यासारखेच असते. कोणी ते कुतूहलाने उचलून नेले, तर हाती दगड उरतो, पण ते कोणत्या थरात व कोणत्या अंड्यांशेजारी होते, ही माहिती कायमची नष्ट होते. घरटे कसे रचले होते, हे त्या मांडणीवरूनच कळते. भेडाघाट-लमेटाघाट परिसराचा २०२१ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. परंतु यादीने खडकाचे रक्षण आपोआप होत नाही. टिटवीचे अंडे पायाखाली फुटले, तर पुढील ऋतूत ती पुन्हा अंडी घालील. सात कोटी वर्षांपूर्वीच्या मातेला ती संधी नाही.