स्त्रीवादी व पारलिंगी हक्कसंघटनांचे आंतरराष्ट्रीय अर्थसाहाय्य

स्त्रिया व पारलिंगी व्यक्ती यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांना परदेशी अनुदानदात्या प्रतिष्ठानांकडून मिळणारे आर्थिक साहाय्य व त्याच्या वाटपाची व्यवस्था. प्रतिष्ठान म्हणजे एखाद्या व्यक्तीने, कुटुंबाने किंवा उद्योगसमूहाने सार्वजनिक कार्यासाठी अलग काढलेली व कायद्याने नोंदलेली निधिसंस्था होय. जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाहून ज्यांची लिंग-ओळख भिन्न असते, अशा व्यक्तींना पारलिंगी म्हणतात. भारतीय कायद्यात हिजडा, किन्नर, जोगता इ. पारंपरिक समूहांचाही समावेश या संज्ञेत केला जातो.

शाळा किंवा दवाखाना यांसाठी स्थानिक देणगीदार मिळू शकतात. परंतु कायदा बदलणे, न्यायालयीन लढे देणे, लोकमत घडविणे या कामांचे फळ दृश्य नसते व ठराविक मुदतीत मोजताही येत नाही. शासनाच्या धोरणावर टीका करणाऱ्या संघटनेस शासकीय अनुदानावर विसंबता येत नाही. त्यामुळे अशा संघटनांच्या दृष्टीने परदेशी प्रतिष्ठानांना महत्त्व प्राप्त झाले. तथापि अनुदानाच्या रकमेइतकेच ते कोणत्या अटींवर मिळते व वाटपाचा निर्णय कोण घेते, यांवर संघटनेचे स्वातंत्र्य अवलंबून असते.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या फोर्ड प्रतिष्ठानाने १९५२ मध्ये नवी दिल्ली येथे कार्यालय उघडले. प्रतिष्ठानाचे अमेरिकेबाहेरील हे पहिलेच कार्यालय होते. आरंभी त्याचा भर कृषी व ग्रामविकास यांवर होता. १९७० नंतरच्या दशकात त्याने स्त्रियांच्या समान हक्कांसाठीच्या कार्यक्रमांना अनुदान देण्यास प्रारंभ केला. मेक्सिको सिटी येथील पहिली जागतिक महिला परिषद (१९७५) व संयुक्त राष्ट्रांचे महिला दशक (१९७६–८५) यांमुळे या विषयास आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. पण मोठ्या प्रतिष्ठानांची अनुदाने प्रामुख्याने सुस्थापित संस्थांकडेच जात. गावपातळीवरील लहान गटांना त्यांचे इंग्रजी अर्ज, लेखापरीक्षण व नोंदणी यांविषयीचे निकष पुरे करता येत नसत.

ही उणीव भरून काढण्यासाठी स्त्रियांनीच चालविलेल्या निधिसंस्था पुढे आल्या. न्यूयॉर्क येथे ॲस्ट्रीआ (१९७७), ॲम्स्टरडॅम येथे मामा कॅश (१९८३) व कॅलिफोर्नियात ग्लोबल फंड फॉर विमेन (१९८७) या संस्था स्थापन झाल्या. मामा कॅशच्या उभारणीमागे संस्थापिकांपैकी मार्यान साक्स यांना वारशाने मिळालेली संपत्ती होती. पुढे हाच प्रघात आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेत रुजला. मेक्सिकोतील सेमियास (१९९०), नेपाळमधील तेवा, हैदराबाद येथील निर्णया व घानामधील आक्रा येथील आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड (२०००) ही त्याची काही उदाहरणे होत. या संस्था मोठ्या प्रतिष्ठानांकडून व शासनांकडून निधी घेतात, त्यात स्थानिक देणग्यांची भर घालतात आणि लहान रकमांची अनुदाने देतात.

पारलिंगी संघटना : पारलिंगी गटांपर्यंत परदेशी निधी प्रथम पोहोचला, तो बव्हंशी एड्सप्रतिबंधाच्या कार्यक्रमांतून. गेट्स प्रतिष्ठानाने २००३ मध्ये भारतात सुरू केलेला ‘आवाहन’ हा प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत चालला व नंतर टप्प्याटप्प्याने शासनाकडे सोपविण्यात आला. अशा कार्यक्रमांमुळे अनेक ठिकाणी गटांना कार्यालय, वेतन व एकत्र येण्याची जागा मिळाली. मात्र यशाचे मोजमाप रक्ततपासण्या व निरोधवाटप यांच्या आकड्यांत होई. पोलिसांचा जाच, घरातून हकालपट्टी, ओळखपत्रांवरील नाव व लिंग यांची दुरुस्ती या प्रश्नांसाठी त्यात फारशी तरतूद नसे.

२०१३ मध्ये काही प्रतिष्ठाने व पारलिंगी कार्यकर्ते यांची बैठक बर्लिन येथे भरली. तेथे सुरू झालेल्या विचारविनिमयातून पुढे इंटरनॅशनल ट्रान्स फंड (२०१६) हा स्वतंत्र निधी उभा राहिला. त्याची अनुदाने कोणास द्यावीत याची निवड पारलिंगी कार्यकर्त्यांचे मंडळ करते. यास सहभागी अनुदानवाटप म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील उहाई (नैरोबी) व देहविक्रय करणाऱ्यांच्या संघटनांसाठीचा रेड अम्ब्रेला फंड (२०१२) यांनीही ही पद्धत अवलंबिली आहे.

अनुदानाचे प्रकार : अनुदानाचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. प्रकल्पनिहाय अनुदान ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या मुदतीत व शीर्षकवार खर्चाच्या बंधनासह मिळते. सर्वसाधारण अनुदान संस्थेच्या एकूण कार्यासाठी असते. त्यातून भाडे, वेतन, प्रवास किंवा अकस्मात उद्‌भवलेला खटला यांचा खर्च करता येतो. हक्कसंघटनांना दुसरा प्रकार अधिक सोयीचा असतो. कारण न्यायालयाचा निकाल किंवा विधिमंडळातील विधेयक संस्थेच्या वेळापत्रकानुसार येत नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७७ विरुद्ध नाझ फाउंडेशनने २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या न्यायालयाचा अनुकूल निकाल २००९ मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयाने तो २०१३ मध्ये फिरविला आणि प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत, असा अंतिम निर्णय २०१८ मध्ये दिला. एवढा दीर्घ लढा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या चौकटीत बसत नाही.

अटी व निर्बंध : देणाऱ्याच्या अटी व घेणाऱ्याचे अनुभव यांत विरोध आल्याचे एक लक्षणीय उदाहरण महाराष्ट्रातील आहे. येथे दाता प्रतिष्ठान नसून शासन होते, तरी प्रश्न तोच होता. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यान्वये एड्सविषयक शासकीय साहाय्य घेणाऱ्या संस्थांवर वेश्याव्यवसायास विरोध असल्याचे घोषित करण्याची अट घालण्यात आली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना संघटित करणाऱ्या सांगली येथील ‘संग्राम’ या संस्थेने ही अट अमान्य करून २००५ मध्ये ते साहाय्य सोडून दिले. ज्या स्त्रियांसाठी काम करावयाचे, त्यांच्याच विरोधात घोषणा करणे संस्थेस शक्य नव्हते.

दुसरे बंधन घेणाऱ्या देशाच्या कायद्याचे असते. रशियाने २०१२ मध्ये परदेशी निधी घेऊन राजकीय स्वरूपाचे कार्य करणाऱ्या संस्थांना ‘परदेशी हस्तक’ म्हणून नोंदणी करणे भाग पाडले. इथिओपियाच्या २००९ च्या कायद्याने दहा टक्क्यांहून अधिक उत्पन्न परदेशातून मिळविणाऱ्या संस्थांना मानवी हक्कांचे कार्य निषिद्ध केले होते. तो कायदा २०१९ मध्ये बदलण्यात आला. भारतात परदेशी अंशदान (विनियमन) कायदा, २०१० व त्याची २०२० ची दुरुस्ती लागू आहे. या दुरुस्तीनुसार परदेशी निधी एका संस्थेस दुसऱ्या संस्थेकडे सुपूर्द करता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली गेली आणि निधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावा लागतो. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे अस्तित्वात असणे व त्या काळात तिने किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असणे आवश्यक आहे. परदेशी निधीचा गैरवापर रोखणे व त्याचा हिशेब ठेवणे हा शासनाने सांगितलेला उद्देश आहे. परंतु मध्यस्थ निधिसंस्थेकडून लहान गटापर्यंत निधी पोहोचण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. नव्याने संघटित होणाऱ्या पारलिंगी गटांना खर्चाची अट पुरी करणे विशेष कठीण जाते.

मूल्यमापन : प्रत्यक्ष मिळणाऱ्या रकमा अल्प आहेत. विकासकार्यातील स्त्रीहक्कांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेल्या जागतिक पाहणीत स्त्रीसंघटनांच्या वार्षिक उत्पन्नाचे मध्यमूल्य २०१० साली सु. वीस हजार डॉलर आढळले. पारलिंगी गटांच्या पुढील पाहण्यांत निम्म्याहून अधिक गटांचे वार्षिक अंदाजपत्रक दहा हजार डॉलरपेक्षा कमी असल्याचे दिसून आले.

या साहाय्यावर टीकाही झाली आहे. वेतनभोगी कर्मचारी व अहवाललेखन यांमुळे चळवळीचे रूपांतर कार्यालयात होते आणि संघटना आपल्या सभासदांऐवजी दात्यास उत्तरदायी बनते, असा आक्षेप स्त्री-चळवळीतूनच घेतला गेला. परदेशी पैशामुळे मागणीच परकी ठरविण्याची सोय विरोधकांना मिळते, हेही खरे आहे. उलट, स्थानिक साहाय्य नसताना हा निधी नाकारणे म्हणजे काम थांबविणे होय, असे समर्थक म्हणतात. वर्गणी, स्थानिक देणग्या व परदेशी अनुदान यांची सांगड घालणाऱ्या संघटना एका दात्याने हात आखडता घेतल्यास तग धरू शकतात. एकाच प्रकल्पावर चालणाऱ्या संघटनांपुढे मात्र त्या प्रकल्पाची मुदत संपताच अस्तित्वाचा प्रश्न उभा राहतो.