स्वस्तातली बेगमी आणि सोंड्यांचा वाटा

मार्च-एप्रिलमध्ये रब्बीचा नवा गहू बाजारात उतरतो, आवक वाढते आणि भाव बहुधा नरमतो. वर्षाची बेगमी करायची ती तेव्हाच, हा आजीचा हिशेब. पण स्वस्तात घेतलेलं धान्य श्रावणात सोंड्यांनी पोखरलं, तर बचत कसली?

गव्हाचा एक दाणा भिंगाखाली धरा. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवते. वरून दाणा धडधाकट. आत अळी खात वाढते. उबदार हवेत साधारण महिन्याभरात किडा बाहेर पडतो. म्हणूनच निवडून भरलेल्या डब्यातही किडे ‘आपोआप’ झाल्यासारखे वाटतात.

खरी मेख ओलाव्यात आहे. कडक उन्हात वाळवून दाण्यातलं पाणी 10 टक्क्यांच्या आसपास आलं, की किडीची वाढ मंदावते. दाताखाली दाणा कटकन फुटला, की वाळला समजा. मात्र तो पूर्ण निवल्यावरच भरा. नाहीतर वाफेचं डब्यातच पाणी होतं.

मूग-मटकीवरचा भुंगेरा अंडी सालीवर चिकटवतो. एरंडेलाचा हात फिरवला, की तेलाच्या थराखाली अंडी गुदमरतात.

आणि सेलमधलं ‘एकावर एक फुकट’? पाकिटावर एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो. तो ताडून पाहा, तारीखही वाचा. शेवटी कचऱ्यात गेलेला किलो फुकटातला असला, तरी महागच.