कर्व्यांच्या घरचा जमाखर्च

दीर्घायुषी समाजसेवकांवरच्या स्मरणलेखांत संसार, नोकरी आणि समाजकार्य अशी तीन कौतुकं ओळीनं मांडलेली असतात, जणू ती एकमेकांच्या वाट्यातलं काही घेतच नव्हती. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचं आयुष्य तसं वाचता येत नाही. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि शिकवणं संपलं की विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमाची पायपीट करायची, हा क्रम लोकांच्या लक्षात राहिला. पण त्यांनी आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसी आश्रमाला दिली, तेव्हा तो पैसा घरातल्याच माणसांच्या भविष्यातून गेला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, स्वतः विधवा होत्या. १८९३ साली कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, त्याबद्दल कर्व्यांच्या गावच्या मुरूडकरांचा बहिष्कार दोघांनीही सोसला. बायांनी नागपूरला सुईणीचं शिक्षण घेतलं ते संसाराला हातभार म्हणून.

असा हिशेब मांडणं म्हणजे थोर माणसाला कमी लेखणं, असं कुणी म्हणेल. शिवाय बायाही आश्रमासाठी वर्गणी मागत फिरल्याच होत्या, मग तक्रार कुणाची? मुद्दा तक्रारीचा नाहीच. त्या स्वतः झिजल्या, म्हणून तर ‘पतीच्या पाठीशी उभी राहिलेली’ हे ठरीव विशेषण त्यांना अपुरं पडतं. बायांचं आत्मचरित्र ‘माझे पुराण’ उपलब्ध आहे. कर्व्यांच्या ‘आत्मवृत्ता’शेजारी ठेवून ते वाचलं, तर १८९६ साली सुरू झालेल्या आश्रमाच्या संस्थापकांत एक नाव वाढवावंसं वाटतं.