आधी पायी, मग सायकलवर

पाऊस ओसरला की पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर सायकल काढायची घाई होते. पण आश्विनातली वाट ही वर्षातली सर्वांत फसवी वाट. कुसळी आणि पवन्या गुडघ्याला लागलेला असतो आणि पावसाच्या पाण्याने चार महिने जमिनीत जे काही कोरलं, उकरलं, वाहून आणलं, ते सगळं त्याखाली झाकलेलं असतं. ताशी २० किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला साडेपाच मीटर पुढे जाते. एवढ्या गवतात दोन मीटरपलीकडची जमीनही दिसत नाही. म्हणून मोसमातली पहिली फेरी आम्ही चालतच करतो. हातात काठी, पाठीवरच्या पिशवीत कोयता, खिशात जुन्या धोतराच्या पांढऱ्या चिंध्या.

या वाटा सायकलींनी पाडलेल्या नाहीत. गुरांनी, शेळ्यांनी, सरपणाच्या मोळ्या आणणाऱ्या बायकांनी त्या पाडल्या आहेत. पायाला जे सहज ओलांडता येतं, ते चाकाला ओलांडता येईलच असं नाही. बहुतेक छुपे धोके याच फरकातून निघतात.

सर्वांत मोठा धोका चरांचा. पाणी जिरावं म्हणून वनखात्याने उतारांवर खणलेले हे सलग समतल चर साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० ते ४५ सेंटीमीटर खोल असतात. काम अतिशय मोलाचं. त्यांच्यामुळेच कित्येक टेकड्यांवर झाडं तग धरून आहेत. चालणारा माणूस एक ढांग टाकतो आणि पलीकडे जातो. सायकल मात्र उतारावरून थेट आडव्या चरावर येते. हळू जाणारं २९ इंची चाकही त्यात १५ सेंटीमीटर बुडतं आणि पलीकडच्या काठावर अडतं. खणलेली माती खालच्याच अंगाला टाकलेली असल्याने तो काठ आणखी उंच झालेला असतो. स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. अर्धवट गाळ भरलेले, घाणेरीने झाकलेले जुने चर तर जवळ जाऊनही कळत नाहीत. कार्तिकात मात्र एक खूण मिळते: चरात ओल टिकते, त्यामुळे आजूबाजूचं गवत पिवळं पडलं तरी तिथे आडवी हिरवी पट्टी उरते.

दुसरी खूण एका गुराख्याने दाखवली. सरळ चाललेली गुरवाट कारण नसताना वळसा घेत असेल, तर त्या जागी काठी ठोकून बघायची. तसं केल्यावर कधी खाली पोखरलेली घळ सापडते, कधी घुशीची बिळं, कधी गवतात बुडालेला धारदार धोंडा. जनावर एकदा ठेचकाळलं की पुन्हा तिथून जात नाही. आम्हीही आता ते वळसे मोडत नाही.

कातळावरचा मुरूम उघडाच असतो, तरी फसवतो. फरशीवर सांडलेल्या ज्वारीसारखा तो चाकाखाली घरंगळतो. वळणावर पुढचा ब्रेक दाबला की सायकल आडवी. वेग वळणाआधीच, सरळ वाटेवर कमी करावा. गिरिपुष्पाच्या दाट लागवडीत शिरतानाही तेच करावं. उन्हातून सावलीत गेल्यावर डोळा सरावेपर्यंत वाटेवरची मुळं दिसत नाहीत. सराटे आणि बाभळीचे काटे चाक पंक्चर करतात, एवढंच. फुरशाची भीती सायकल चालत असताना कमी, थांबून गवतात पाय टेकताना जास्त. त्याचा रंग मातीत मिसळतो. पाय टेकायचा तो मोकळ्या जागी, बघून.

टेकडी उतरून शेतांच्या कडेला आलं की धोका जमिनीतून वर येतो. गेल्या वर्षी मोकळ्या असलेल्या वाटेवर यंदा काटेरी तार ओढलेली असते. करडी, बारीक, छातीच्या उंचीची. मावळतीचं ऊन समोरून आलं की ती दिसतच नाही. अशा वेळी मालकाला शोधून विचारायचं: "मामा, तारेला चिंधी बांधू का?" नको म्हणणारा आजवर भेटला नाही. उलट, "पलीकडच्या बांधावरून जा, तिकडं तार न्हाई," असं सांगणारे भेटले.

पण सगळ्याच तारा सारख्या नसतात. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकरी झटका मशीन लावतात; त्याचा धक्का थांबून थांबून येतो आणि जनावर मागे हटतं. काही जण मात्र घरगुती विजेचा प्रवाह सरळ तारेत सोडतात. हे बेकायदेशीर आहे, आणि महाराष्ट्रात यात माणसांचे, कधी खुद्द शेतकऱ्यांचेही, जीव गेले आहेत. पीक एका रात्रीत उद्ध्वस्त झालेलं बघणाऱ्याची चीड मला समजते, तरीही या तारेचं समर्थन होऊ शकत नाही. रात्री सोडलेला प्रवाह पहाटे बंद करायचा राहून जाऊ शकतो, आणि तारेकडे बघून आत वीज आहे की नाही ते सांगता येत नाही. म्हणून शेताला लागून जाणाऱ्या वाटांवर आम्ही उजाडल्याशिवाय जात नाही, कुठलीही तार हाताने उचलून खालून सायकल काढत नाही, आणि गटात नवं कोणी आलं तर हे त्याला टेकडीच्या पायथ्याशीच, हेल्मेट बांधायच्या आधी सांगतो.