थाळनेरचा किल्लेदार आणि शरणागताचे संरक्षण

ज्याने शस्त्र खाली ठेवले त्याचा वध करू नये, हे आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचे मूलतत्त्व होय. या तत्त्वास लेखी नियमाचे रूप का द्यावे लागले, हे समजून घेण्यास खानदेशातील एक प्रसंग उद्बोधक आहे.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांस दिला. त्यात तापीकाठचा थाळनेरचा किल्ला होता; हे गाव आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात मोडते. २७ फेब्रुवारीस सर टॉमस हिस्लॉप सैन्यासह तेथे पोहोचला, तेव्हा किल्ल्यातून गोळीबार झाला. प्रतिकार केल्यास किल्लेदारास बंडखोर समजण्यात येईल, असा इशारा हिस्लॉपने दिला. तोफांच्या माऱ्यानंतर किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. परंतु आतील दरवाजाशी शिबंदीबरोबर बोलणे चालू असता झटापट होऊन मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर सुमारे तीनशे लोकांची शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदारास, रीतसर खटला न चालविता, फाशी देण्यात आली. १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने सैन्याच्या कामगिरीबद्दल आभाराचा ठराव केला. मात्र थाळनेरच्या फाशीस तो लागू नाही, असे स्पष्ट केले.

या प्रसंगातून तीन प्रश्न उद्भवतात. पहिला दर्जाचा. तहाने मुलूख गेल्यावर लढणारा किल्लेदार शत्रू की बंडखोर? १९४९ च्या जिनिव्हा करारांनी या प्रश्नाची धार बोथट केली. युद्धबंद्यांविषयीच्या तिसऱ्या कराराच्या पाचव्या कलमानुसार, दर्जाबद्दल शंका असल्यास सक्षम न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत बंद्यास कराराचे संरक्षण मिळते. चारही करारांना समान असलेले तिसरे कलम तर अंतर्गत संघर्षासही लागू आहे. म्हणजे ‘बंडखोर’ म्हटल्याने किमान संरक्षण नष्ट होत नाही.

दुसरा प्रश्न सूडाचा. दरवाजाशी घडलेल्या कृत्याबद्दल आधीच स्वाधीन झालेल्या माणसास जबाबदार धरता येईल काय? तिसऱ्या कराराचे तेरावे कलम युद्धबंद्यांविरुद्ध प्रतिशोधात्मक कृत्यांस मनाई करते. कोणासही जीवदान न देण्याची घोषणा करणे तर १९०७ च्या हेग नियमावलीच्या तेविसाव्या कलमानेच निषिद्ध ठरविले होते.

तिसरा प्रश्न न्यायाचा. रीतसर स्थापन झालेल्या न्यायालयाच्या पूर्वनिर्णयावाचून देहदंड देऊ नये, असे समान तिसरे कलम सांगते. अपराधाची शिक्षा त्यामुळे टळत नाही. ती देणारा हात मात्र संतप्त सेनापतीचा राहत नाही.

भारताने हे करार १९५० मध्ये अनुसमर्थित केले व १९६० मध्ये त्यांसाठी अधिनियम केला; १९७७ च्या अतिरिक्त संलेखांत मात्र तो सामील झालेला नाही. १९४९ चे नियम १८१८ च्या कृत्यास लावणे शास्त्रशुद्ध नव्हे. तथापि पार्लमेंटने ठरावातून ती फाशी वगळली, यावरून लेखी नियमापूर्वीही त्या कृत्याचे समर्थन करणे अवघड होते, हे दिसते. त्या अस्वस्थतेमुळे किल्लेदाराचे प्राण वाचले नाहीत. कृत्यानंतरची नापसंती आणि कृत्यापूर्वीचा बंधनकारक नियम यांतील अंतर हेच होय.