पाय का घसरतो?



आमचं आर्णी हे अरुणावतीच्या काठचं गाव. पावसाळ्यात ओल्या पायरीवर ज्याचा पाय कधी सटकला नाही, असा माणूस इथे शोधूनच काढावा लागेल. पडणारा उठतो, इकडेतिकडे बघतो आणि ओशाळून म्हणतो, 'लक्ष नव्हतं.' पण दोष दरवेळी त्याचाच असतो काय? पुष्कळदा तो पायरीचा असतो.

चालताना पाय आणि दगड एकमेकांना धरून ठेवतात. शास्त्रात याला घर्षण म्हणतात. दगड गुळगुळीत असला आणि वर पाणी साचलं, की तळवा व दगड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो. पाय मग दगडावर टेकतच नाही, पाण्यावर टेकतो. त्यात शेवाळ असलं तर विचारूच नका! तेव्हा दोन गोष्टी हव्यात : पाण्याला निघून जायला वाट आणि पायाला धरायला दात.

दातांचं महत्त्व आपल्या आयाबायांना ठाऊक होतं. जातं झिजून गुळगुळीत झालं की दाणा नीट भरडत नाही. मग त्याला टाकी लावून घेत. पायरीच्या दगडावर पाथरवटाने घातलेले घावही असेच पायाला धरतात.

कारखान्यांत तेल-पाणी सांडतं, म्हणून तिथल्या जिन्यांना लोखंडी जाळीच्या पायऱ्या बसवतात. पट्ट्या उभ्या धारेवर लावलेल्या, मध्ये मोकळी जागा. पाणी खाली गळून जातं. पट्ट्यांच्या वरच्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा. एस.टी.च्या पायरीवरचा उठावाच्या नक्षीचा पत्रा आठवून बघा. त्याला दात आहेत, पण भोकं नाहीत. चिखल बसला की दात बुजतात. मात्र जाळी सगळीकडे चालत नाही. अनवाणी पायाला दाते टोचतात, गुरांचे खूर अडकतात. देवळात, दर्ग्यात, नदीच्या घाटावर टाकीचा दगडच बरा.

हा विषय क्षुल्लक समजू नका. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ तीनशे माणसं गेली. अरुंद वाट, अफाट गर्दी ही कारणं होतीच. पण फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर काही भाविक घसरले, असंही त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं. आपल्याकडे बाबा कंबलपोषांच्या यात्रेलाही गर्दी लोटते. गर्दीत एकाचा पाय घसरला, तर पडतो तो एकटाच नव्हे.

मग आपण काय करावं? शाळेची, विहिरीची पायरी बांधताना मिस्त्री सिमेंट घोटून आरशासारखं करतो. त्याला थांबवा. सिमेंट ओलं असतानाच वर खराटा आडवा ओढायला सांगा. हातभर रुंदीला एक-दोन सूत उतार पुढे ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. आणि दात झिजतात हे विसरू नका. दर वर्षी मृगाच्या आधी शेवाळ खरवडा, झिजलेल्या दगडाला पुन्हा टाकी लावा.

गुरुजींना एक विनंती. उद्या मुलांना घेऊन शाळेच्या प्रत्येक पायरीवर तांब्याभर पाणी ओता. जिथे ते साचून राहील, तिथे खडूने खूण करा. मुलांना घर्षणाचा धडा मिळेल आणि गावाला कामाची यादी.